शैक्षणिक तंत्रविज्ञान आणि शिक्षक-प्रशिक्षण : ‘साइट’ प्रयोगाचा (१९७५-७६) ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘शैक्षणिक तंत्रविज्ञान’ हा विषय आता रूढ झाला आहे. बी.एड.च्या विद्यार्थ्याला दृक्-श्राव्य साधनांचे वर्गीकरण, एडगर डेलचा अनुभव-शंकू आणि स्किनरचे क्रमान्वित अध्ययन सहसा मुखोद्गत असते. या विषयाचा भारतातील इतिहास मात्र त्याच्यापर्यंत केवळ सनावळीच्या रूपाने पोहोचतो. १९५९ मध्ये दिल्ली दूरचित्रवाणी, १९७५ मध्ये ‘साइट’, १९८४ मध्ये ‘क्लास’, २००४ मध्ये ‘एज्युसॅट’. या सनावळीत यंत्रे एकामागून एक येतात. ती ज्याच्या हाती द्यावयाची होती तो शिक्षक तिच्यात कोठेच दिसत नाही.

प्रस्तुत लेखात ही सनावळ शिक्षकाच्या बाजूने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्र वर्गात आले तेव्हा शिक्षकाला नेमके काय शिकविले गेले, हा त्यातील एकच प्रश्न आहे. यंत्र चालविण्यास शिकविले, की यंत्राच्या साहाय्याने विषय शिकविण्यास शिकविले? वरवर पाहता हा फरक शब्दच्छलाचा वाटेल. परंतु गेल्या पाच-सहा दशकांतील शासकीय योजनांचे यशापयश बऱ्याच अंशी याच फरकावर अवलंबून राहिले, असे अभ्यासांती दिसून येते. या दृष्टीने १९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगातील शिक्षक-प्रशिक्षणाचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. उपग्रहाच्या नवलाईपुढे तो झाकोळला गेला आणि पुढील योजनांनी त्याच्यापासून घ्यावयाचा धडा घेतला नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : पुणे ते दिल्ली

भारतात लोकशिक्षणासाठी प्रसारमाध्यम वापरण्याचा पहिला शास्त्रशुद्ध तपासलेला प्रयोग शाळेतील नव्हता, शेतीतील होता. आणि तो महाराष्ट्रात झाला. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळे’ स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे २० कार्यक्रम प्रसारित झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचे मूल्यमापन केले. त्यांच्या अभ्यासाची रचना आजही लक्षणीय वाटते. ज्या गावांत मंडळ होते ती गावे, ज्यांत नुसता रेडिओ होता ती गावे आणि ज्यांत रेडिओही नव्हता ती गावे, अशी तुलना त्यांनी केली. मंडळे असलेल्या गावांतील श्रोत्यांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. फरक यंत्रामुळे पडला नव्हता. यंत्राभोवती बसलेली माणसे, त्यांचा संयोजक आणि कार्यक्रमानंतरची चर्चा यांमुळे तो पडला होता.

हा निष्कर्ष शिक्षणाच्या क्षेत्रात लगेच उतरावयास हवा होता. तसे काही अंशी घडलेही. २४ ऑक्टोबर १९६१ रोजी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी शालेय दूरचित्रवाणी सुरू झाली. प्रयोगशाळांचा आणि विज्ञानाच्या पात्र शिक्षकांचा तुटवडा हे तिचे प्रमुख कारण होते. पडद्यावरील पाठापूर्वी प्रस्तावना आणि पाठानंतर चर्चा व उजळणी ही वर्गशिक्षकाची जबाबदारी मानली गेली होती. येथेही मूल्यमापनाचे काम न्यूराथ यांच्याकडेच आले, हा योगायोग म्हणता येणार नाही. मात्र ज्या शिक्षकाच्या उणिवेवर उपाय म्हणून पडदा आणला, त्याच शिक्षकावर पडद्यावरील पाठाची अर्धी जबाबदारी टाकली होती. उणीव जर खरी असेल, तर ती तास सुरू होण्यापूर्वी कशी भरून निघणार होती? दिल्लीच्या प्रयोगाला हा अंतर्विरोध पुरतेपणी सोडविता आला नाही.

त्याच दशकात इतर देशांनीही या प्रश्नाची उत्तरे शोधली. अमेरिकन सामोआ बेटांवर १९६४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत मुख्य अध्यापन स्टुडिओतील शिक्षकाकडे दिले गेले आणि वर्गातील स्थानिक शिक्षक त्याचा मदतनीस ठरला. काही वर्षांत स्थानिक शिक्षकांची तयारी वाढली, तसा वरच्या इयत्तांत त्यांचा आणि विद्यार्थ्यांचा दूरचित्रवाणीबद्दलचा असंतोषही वाढला. एल साल्वादोरने निराळा मार्ग धरला. तेथे १९६९ पासून सातवी ते नववीसाठी दूरचित्रवाणी आली, तेव्हा शिक्षकांना वर्गातून मुक्त करून सुमारे वर्षभर पुनःप्रशिक्षण देण्यात आले. एवढे करूनही पुढील वर्षांत शिक्षकांचा उत्साह ओसरला आणि १९७१ मध्ये ते संपावर गेले; प्रशिक्षण वेतनाची व सन्मानाची जागा घेऊ शकत नाही, हे त्यातून कळते. तरीही ‘शिक्षकाची आधी तयारी, मग पडदा’ हा क्रम तेथे पाळला गेला होता, याची नोंद घ्यावयास हवी.

‘साइट’ : आखणी आणि तिच्यातील शिक्षक

डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. त्यानुसार ‘एटीएस-६’ हा अमेरिकन उपग्रह एक वर्षासाठी भारताला वापरावयास मिळाला. साराभाई यांचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले. प्रत्यक्ष प्रयोग त्यांच्या पश्चात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात पार पडला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांत सुमारे २,४०० गावे निवडण्यात आली. निवडीचा निकष सोयीचा नव्हता, मागासलेपणाचा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीचा सुमारे तीन मीटर व्यासाचा अँटेना आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केलेला कृष्णधवल संच, अशी ही ग्रहणयंत्रणा होती. जेथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालत.

प्रक्षेपण रोज चार तासांचे होते. सायंकाळचे अडीच तास प्रौढांसाठी होते आणि सकाळचा दीड तास ५ ते १२ वयोगटातील मुलांसाठी. हा दीड तास हिंदी, कन्नड, उडिया व तेलुगू या चार भाषांत विभागला होता. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला सुमारे साडेबावीस मिनिटे येत. उपग्रहावर चित्राची एकच वाहिनी आणि ध्वनीच्या दोन वाहिन्या होत्या. त्यामुळे एकाच चित्राबरोबर दोन भाषांतील निवेदन ऐकविता येत असे. या तांत्रिक मर्यादेचा अध्यापनावर परिणाम झाला. पडद्यावरील व्यक्तीने समोर उभे राहून बोलण्यापेक्षा हाताने करून दाखविणे आणि निवेदन पडद्यामागून येणे निर्मात्यांना सोयीचे ठरे. विज्ञानाच्या दृष्टीने ही मर्यादा उपकारक होती, असे म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्र या प्रयोगाच्या क्षेत्रात नव्हता आणि मराठीतून प्रक्षेपणही नव्हते. तथापि मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम ‘इस्रो’च्या मुंबई येथील केंद्रात तयार झाले. त्या वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते आणि ते मूळचे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक. याच संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली होती. केंद्राने पुढे जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर विज्ञान अध्यापनाचे काम हाती घेतले. परिसरातील साधी वस्तू हाती घ्यावी, मुलांनी स्वतः करून पाहावे, प्रश्न विचारावा आणि उत्तराची घाई करू नये, हा या मंडळींचा आग्रह होता. मध्य प्रदेशात १९७२ पासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशीही या वैज्ञानिकांपैकी काहींचा संबंध होता. म्हणजे उपग्रहाच्या मागे केवळ अभियंते नव्हते. विज्ञान कसे शिकवावे याविषयी ठाम मते असलेली माणसेही होती.

आता शिक्षकाकडे वळू. बहुतेक गावांत संच शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवला होता. त्याच्या देखभालीसाठी एक ‘कस्टोडियन’, म्हणजे संचरक्षक, नेमला जाई आणि अनेक ठिकाणी तो गावचा शिक्षकच असे. त्याने संच वेळेवर लावावा, बंद करावा, कुलूप घालावे, बिघाड कळवावा. योजनेच्या कागदावर शिक्षक प्रथम आला तो असा किल्ल्या सांभाळणारा म्हणून. एक-दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवीची सर्व मुले एकाच संचापुढे बसलेली आणि सर्वांसाठी एकच कार्यक्रम, अशा स्थितीत साडेबावीस मिनिटांनंतर काय करावयाचे, हे ठरविणे त्याच्यावरच सोपविलेले होते. आधी तयारी करून घ्यावी तर उद्याचा कार्यक्रम कोणत्या विषयावर आहे हे वेळेत कळावयास हवे. दूरच्या गावांत टपाल कसे पोहोचते, याची कल्पना वाचकांना असेलच.

बारा दिवसांचे प्रशिक्षण

या चित्राला छेद देणारा उपक्रम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) आखला. परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राची स्थापना १९७३ मध्ये झाली होती. या केंद्राने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचा बारा दिवसांचा बहुमाध्यम प्रशिक्षण संच तयार केला. शाळांना सुट्टी असली की सकाळच्या प्रक्षेपणाची वेळ रिकामी राहते. तीच वेळ शिक्षकांसाठी वापरावयाची, ही त्यामागील साधी युक्ती होती. पहिली फेरी ऑक्टोबर १९७५ मधील सुट्टीत झाली, दुसरी १९७६ च्या उन्हाळी सुट्टीत. प्रत्येक फेरीत सुमारे २४ हजार, म्हणजे एकंदर सुमारे ४८ हजार शिक्षकांनी हे प्रशिक्षण घेतले. त्या काळच्या कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयाच्या क्षमतेशी ताडून पाहिल्यास या संख्येचे मोठेपण ध्यानी येते.

परंतु या उपक्रमाचे महत्त्व संख्येत नाही. सुमारे २,४०० गावे आणि एका फेरीत सुमारे २४ हजार शिक्षक, असा ढोबळ हिशोब मांडला तर एका संचापाशी सरासरी दहा शिक्षक बसले असावेत. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील शिक्षक सुट्टीत एकत्र येतात, एका शाळेच्या खोलीत बारा दिवस दहा जणांचा गट म्हणून काम करतात, हे दृश्य नजरेसमोर आणावे. पुण्याच्या शेतकरी मंडळाशी त्याचे साम्य सहज जाणवेल. दूरचित्रवाणीवरील पाठ हा दिवसाच्या कामाचा एक भाग होता. त्याच्या जोडीला रेडिओवरील कार्यक्रम होते, छापील कृतिपुस्तिका व पूरक वाचन होते, शिक्षकांनी स्वतः करावयाचे प्रयोग होते आणि चर्चा चालविण्यासाठी आधी तयार केलेली एक मार्गदर्शक व्यक्ती केंद्रावर हजर असे. प्रयोगांसाठी लागणारे साहित्य परिसरात मिळेल असेच योजले होते.

येथे कोणते काम कोणत्या माध्यमाकडे दिले, हे पाहण्याजोगे आहे. जे दाखवावे लागते, पण गावच्या शाळेत दाखविता येत नाही, ते पडद्याकडे गेले. पुन्हा पुन्हा वाचून पाहण्याजोगे ते छापील पुस्तिकेत आले. करून पाहण्याजोगे शिक्षकांच्या हातांकडे, आणि शंका-कुशंका समोरासमोरच्या चर्चेकडे. माध्यमांची ही वाटणी आजच्या भाषेत ‘मिश्र अध्ययन’ या नावाने नव्याने सांगितली जाते. १९७५ मध्ये ती कोणत्याही नावाशिवाय अमलात आली होती.

त्याहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. या बारा दिवसांत शिक्षकाला दूरचित्रवाणी शिकविली गेली नाही. शिकविले गेले ते विज्ञान, आणि ते करून पाहण्याच्या पद्धतीने. दूरचित्रवाणी त्याच्या हाती दिलेली वस्तू नव्हती, तो स्वतःच तिच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसला होता. पडद्यावरील पाठ पाहताना कंटाळा कोठे येतो, निवेदन कोठे भराभर पुढे जाते, पाहून झाल्यावर कोणता प्रश्न मनात उरतो, हे त्याला स्वानुभवाने कळले असणार. वर्गात माध्यम वापरण्याची याहून चांगली पूर्वतयारी संभवत नाही. एरवी त्याच्याकडे किल्ल्या होत्या. या बारा दिवसांपुरती तरी त्याच्याकडे जिज्ञासा सोपविली गेली.

त्याच सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुसऱ्या एका क्षेत्रात जे घडत होते, त्याचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. सूक्ष्म अध्यापनाचा उगम १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि तेथे छात्राध्यापकाला त्याचाच पाठ दाखविण्यासाठी चित्रफीत यंत्र वापरले जाई. बडोदा व इंदूर येथील विद्यापीठे आणि एनसीईआरटी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत भारतीय परिस्थितीला जुळवून घेतली, तेव्हा यंत्र परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्याभरणाचे काम सहाध्यायी छात्राध्यापकांकडे दिले गेले. अध्यापन, प्रत्याभरण, पुनर्नियोजन, पुनर्अध्यापन व पुनर्प्रत्याभरण हे छत्तीस मिनिटांचे चक्र आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. यंत्र गेले तरी प्रशिक्षण टिकले. पुढील काळात मात्र याच्या नेमके उलट घडत गेले.

मूल्यमापनाने काय दाखविले

‘साइट’चे मूल्यमापन तपशिलाने झाले. सर्वेक्षणांच्या जोडीला काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक दीर्घकाळ राहिले. मुलांवरील परिणामाचा अभ्यास स्नेहलता शुक्ला व कुलदीप कुमार यांनी एनसीईआरटीसाठी केला. संच असलेल्या शाळांतील मुलांमध्ये भाषाविकास आणि नवे जाणून घेण्याची ओढ यांबाबत अनुकूल बदल दिसले. शालेय विषयांतील संपादन व शाळेतील उपस्थिती यांत मात्र अपेक्षेप्रमाणे फरक पडला नाही. प्रयोगाच्या विरोधकांनी या दुसऱ्या वाक्यावर भर दिला, तर समर्थकांनी पहिल्यावर. प्रस्तुत लेखकास दोन्ही वाक्ये एकत्रच वाचावीत असे वाटते. पडदा मुलाच्या मनात कुतूहल जागवू शकला. त्या कुतूहलाचे विषयज्ञानात रूपांतर करणे पडद्याला शक्य नव्हते. ते वर्गशिक्षकाचे काम होते आणि त्यासाठी त्याला मिळाले होते ते केवळ बारा दिवस, तेही एका विषयाचे.

३१ जुलै १९७६ रोजी करार संपला आणि ‘एटीएस-६’ परत नेण्यात आला. काही भागांत भूस्थित प्रक्षेपकांच्या साहाय्याने कार्यक्रम चालू राहिले. शिक्षक-प्रशिक्षणाची तिसरी फेरी मात्र या उपग्रहावरून होणे शक्यच नव्हते. होशंगाबादमध्ये शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत आणि वर्गात काय फसले ते एकमेकांना सांगत. २००२ मध्ये राज्यशासनाने तो कार्यक्रम बंद करीपर्यंत ही मासिक बैठकीची परंपरा त्याचा कणा होती. ‘साइट’च्या दहा-दहा शिक्षकांच्या गटांना अशी बैठक लाभली नाही. प्रशिक्षण झाले, गट विखुरले. या प्रयोगातील सर्वांत मोठी उणीव कोणती, असे विचारल्यास उपग्रह गेला यापेक्षा गट विखुरले हे उत्तर द्यावे लागेल.

संगणकाचे आगमन

यानंतर दहा वर्षांच्या आत यंत्र बदलले. १९८४ मध्ये शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी ‘क्लास’ या नावाने संगणक साक्षरतेचा प्रकल्प २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधून ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आणले गेले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट होती. बरोबरच्या अध्ययन-आज्ञावलीही मोठ्या प्रमाणात ब्रिटिश शाळांसाठी तयार झालेल्या होत्या. अभियांत्रिकी संस्थांमध्ये साधन-केंद्रे काढून प्रत्येक शाळेतील मोजक्या शिक्षकांना अल्पकाळाचे प्रशिक्षण देण्यात आले.

या प्रशिक्षणाची ‘साइट’शी तुलना केली असता दिशा पालटलेली दिसते. प्रशिक्षक अभियंता होता, विषय संगणक हा होता आणि शिक्षक त्याच्या कळा शिकत होता. इतिहास, भाषा वा जीवशास्त्र शिकविताना या यंत्राचे काय करावयाचे, हा प्रश्न साधन-केंद्राच्या कक्षेत येत नव्हता. परिणामी संगणक शाळेत आला, पण वेळापत्रकात कडेला राहिला. तो ‘संगणकाचा तास’ झाला. शिकलेला शिक्षक बदलून गेला की यंत्र झाकून ठेवावे, ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. तरीही प्रकल्पाचा विस्तार होत गेला. १९९३ पर्यंत २,५९८ शाळा त्यात आल्या होत्या. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना आली. तिच्या अंमलबजावणीत अनेक राज्यांनी संगणक, देखभाल आणि निदेशक हे तिन्ही खासगी कंपन्यांकडून कंत्राटाने घेतले. येथे तर शिक्षकाला प्रशिक्षण देण्याची गरजच उरली नाही. यंत्राबरोबर माणूसही भाड्याने आला आणि कंत्राट संपताच दोघेही गेले.

दरम्यान १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचा कार्यक्रम झाला. चार वर्षांत सतरा लाखांहून अधिक शिक्षक त्यात आले. शिबिरांच्या काळात दूरदर्शनवरून चित्रपाठ दाखविले गेले, त्यामुळे बाह्यतः तो ‘साइट’च्या जातीचा भासतो. परंतु वरून खाली पायरीपायरीने झिरपणाऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत जातो, ही टीका त्याच्यावर तेव्हापासून होत आली आहे. या झिरपणीवर उतारा म्हणून १९९६ मध्ये कर्नाटकात व नंतर मध्य प्रदेशात प्राथमिक शिक्षकांसाठी दूरपरिषदेचे प्रयोग झाले. चित्र एका बाजूने जाई, पण आवाज दोन्ही बाजूंनी. म्हणजे तालुक्याच्या केंद्रातील शिक्षक दिल्लीतील तज्ज्ञाला दूरध्वनीवरून थेट प्रश्न विचारू शकत असे. वीस वर्षांपूर्वी पडद्यासमोर बसलेल्या शिक्षकाला पडद्याशी बोलण्याची सोय प्रथमच मिळाली. २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेलेल्या ‘एज्युसॅट’ची कल्पना याच अनुभवावर उभी होती.

महाराष्ट्रातील दोन शब्द

महाराष्ट्राचा विचार करताना पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’चे स्मरण अपरिहार्य आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मराठी शालेय कार्यक्रमांची मोठी निर्मिती केली आणि निधीअभावी तिचा अखेर झाला. तिचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे शिक्षकाशी निगडित अशा दोन शब्दांपुरतेच बोलावयाचे आहे.

पहिला शब्द ‘एम.एस.-सी.आय.टी.’. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा संगणक साक्षरता अभ्यासक्रम. राज्यशासनाने कर्मचाऱ्यांसाठी संगणक अर्हता बंधनकारक केली, २००७ अखेरची मुदत घातली आणि अर्हता न मिळविणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. शिक्षकही त्यात आले. त्यानंतरची अनेक वर्षे शिक्षक संघटनांच्या निवेदनांत हा विषय गाजत राहिला. अभ्यासक्रम ज्या हेतूने आखला त्या हेतूने तो उपयुक्तच होता. लाखो मराठी माणसांचा संगणकाशी पहिला परिचय त्याने करून दिला. परंतु तो कारकून, विद्यार्थी, गृहिणी आणि शिक्षक या सर्वांसाठी एकच होता. टंकलेखन, तक्ते आणि सादरीकरण यांत उत्तीर्ण झालेला शिक्षक अपूर्णांक शिकविण्यासाठी संगणक वापरू शकेल, असे गृहीत धरण्यास काहीच आधार नव्हता. अर्हतेचा संबंध वर्गाशी न जुळता सेवापुस्तकाशी जुळला.

दुसरा शब्द ‘तंत्रस्नेही शिक्षक’. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदांच्या शाळांत तो रुळला. हा शब्द वरून लादलेल्या अर्हतेचा नव्हता, हे त्याचे वैशिष्ट्य. अनेक गावांत लोकवर्गणीतून यंत्रे आली आणि शिक्षकांनी एकमेकांकडून ती शिकून घेतली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला ‘क्यूआर’ संकेत जोडण्याचे काम केले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. या घटनेकडे व्यक्तीचा पराक्रम म्हणून पाहिले गेले, ते स्वाभाविकच. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. येथे आशय आधी होता आणि यंत्र नंतर आले. आपल्या वर्गातील मुलांना काय हवे, हे शिक्षकाने ठरविले आणि मग साधन शोधले. १९७५ च्या बारा दिवसांत जो क्रम होता, तोच हा.

या पार्श्वभूमीवर अलीकडची एक घटना नोंदवून थांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रशासनाने ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम ४२ लाख शिक्षकांचे लक्ष्य ठेवून सुरू केला. आरंभी तो समोरासमोर होत असे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑक्टोबरपासून तो ‘दीक्षा’ या मंचावर ऑनलाइन झाला. शिक्षक घरी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्रफिती पाहू लागले, प्रश्नांची उत्तरे देऊ लागले आणि घटक पूर्ण होताच प्रमाणपत्र मिळवू लागले. आशय सर्वांना एकसारखा मिळाला. मधली झिरपणीची पायरी खरोखरच नाहीशी झाली. चित्राची स्पष्टता, भाषांची संख्या, पुन्हा पाहण्याची सोय, या सर्व बाबतींत १९७५ चा जाळीदार अँटेना त्याच्या जवळपासही येत नाही. नव्हती ती शाळेची खोली, शेजारी बसलेले नऊ शिक्षक आणि ‘हे माझ्या वर्गात चालणार नाही’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्यावर त्याला थांबवून ‘का?’ असे विचारणारा मार्गदर्शक.